हलत्या घरातला ऑस्कर

तलासरी नाक्यावरून पाड्याकडे निघालेल्या इको गाडीत सुषमा सगळ्यांच्या शेवटी चढली आणि मांडीवर थर्माकोलचा खोका घेऊन बसली. बर्फातली मासळी ठेवतात तसला खोका. शेजारच्या बाईने आधीच पदर नाकाला लावला. वास काही आला नाही, पण आतून धप्प आवाज झाला आणि झाकण उचललं गेलं.

"जिवंत आहे काय?" बाई जेवढी सरकता येईल तेवढी सरकली.

"हो. मासा आहे."

"मग मारून नाही का न्यायचा?"

"पाळलेला आहे," सुषमा म्हणाली आणि झाकणावर दोन्ही हात दाबून ठेवले. "दादा, खड्ड्यातून जरा हळू घे."

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. हायवे सोडल्यावर पुढचा रस्ता सगळा खड्ड्यांचाच होता. प्रत्येक गचक्याला खोक्यातलं पाणी एका बाजूला जायचं आणि त्या पाण्याबरोबर आतलं जड अंग थर्माकोलवर आपटायचं. घर येईपर्यंत सुषमाचा जीव त्या झाकणाखाली अडकलेला होता.

सुषमा तलासरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. झाडणं-पुसणं, हत्यारं उकळून ठेवणं, नंबर लावणं ही तिची सांगायची कामं. खरं काम वेगळंच होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाने मशीनचा आवाज ऐकून डोळे मोठे केले, की डॉक्टर मॅडम नुसतं "सुषमा" म्हणायच्या आणि ती येऊन त्या माणसाचा हात धरायची. डोंगराकडच्या वारली म्हाताऱ्या, उंबरगावचे गुजराती दुकानदार, अच्छाडला गाडी उभी करून दाढ धरून आलेले ट्रकवाले, सगळ्यांचे हात तिने धरले होते. "दुखणार नाही" असं ती कधी कुणाला म्हणाली नाही. "दुखेल थोडं. मी इथेच आहे," एवढंच म्हणायची.

दवाखान्यात बाकड्यासमोर काचेची मोठी टाकी होती. मॅडमनी वापीच्या दुकानातून आणलेला बोटाएवढा ऑस्कर मासा त्या टाकीत वाढून वीतभराच्या वर गेला होता. काळपट अंगावर विस्तवासारखे नारिंगी डाग, शेपटीजवळ डोळ्यासारखा गोल ठिपका. बाकड्यावर कुणी येऊन बसलं की हा काचेला तोंड लावून त्याच्याकडे रोखून बघायचा. डॉक्टरांच्या आधी हाच तपासतो म्हणून पेशंट त्याला कंपाउंडर म्हणत. रोज सकाळी दवाखाना उघडल्यावर त्याला खायला सुषमाच द्यायची. तिच्या चपलांचा आवाज आला की तो वर येऊन तोंड उघडून थांबायचा.

मग मॅडमचं नागपूरला जायचं ठरलं. खुर्ची, मशीन, कपाटं, सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. मासा राहिला.

"एवढ्या लांब हा टिकणार नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणाला तरी द्यावा लागेल."

"मी नेते," सुषमा म्हणाली. घरी विचारायचं तिला नंतर सुचलं.

तिचा नवरा उमेश गवंडी होता. त्यांचं घर त्यानेच बांधलेलं, आणि पाड्यातली निम्मी पक्की घरंही त्याच्याच हातची. आधी तो म्हणाला, "एवढ्या पाण्याचं वजन किती होतं, ठाऊक आहे तुला?" पण मग पुढच्या खोलीत भिंतीला लागून त्याने विटांचा ओटा घातला, वर गिलावा केला, चारी कोपऱ्यांना लेव्हल लावून बघितली आणि दवाखान्यातून टेम्पोने आणलेली टाकी स्वतः उचलून ठेवली. तिच्या तळाला वाळू पसरली. विहिरीचं पाणी भरून ठेवलं. मासा तोवर दवाखान्यातच टबात होता; तो येण्याच्या आधी हे सगळं तयार होतं, आणि त्या तयारीत घरातला प्रत्येकजण आपापल्या परीने राबला होता.

सासू रखमीला मात्र मूळ गोष्टच पटत नव्हती. "मासा आणायचा, चुलीपाशी न्यायचा नाही, आणि त्यालाच वर खायला घालायचं?" ती खोक्यात डोकावून म्हणाली. "केवढा आहे बाय हा. चौघं जेवतील."

"आई, नाव काढू नको," सुषमा म्हणाली.

मॅडमनी फोनवर सांगितलं होतं तसंच तिने केलं. टाकीवरचा दिवा बंद. खोक्यातल्या पाण्यात विहिरीचं पाणी पेल्यापेल्याने मिसळत राहायचं, एकदम नाही. पाणी बदललेलं त्याच्या अंगाला कळू नये इतकं हळू. सगळी दुपार ती खोक्याशेजारी बसून होती. मग हात ओले करून तिने त्याला अलगद उचललं आणि टाकीत सोडलं.

तो सरळ कोपऱ्यात गेला. अंगावरचे नारिंगी डाग विझल्यासारखे झाले, सगळं अंग शाईसारखं काळं पडलं आणि तो हळूहळू कलत कलत वाळूवर आडवा झाला.

"गेला," रखमी म्हणाली.

सुषमा काचेशी वाकली. कल्ले हलत होते. भराभर, पण हलत होते.

"सिक्लिड जातीचे मासे हे," मॅडमनी सांगितलं होतं. "हुशार असतात, माणूस ओळखतात. आणि जागा बदलली की रुसतातही. आडवा पडला तर घाबरू नकोस. खायला देऊ नकोस. हात घालू नकोस. त्याला एकटं सोड."

"किती दिवस, मॅडम?"

"त्याची मर्जी."

घाबरलेल्याचा हात धरायची सवय असलेल्या बाईला हात मागे घेऊन बसणं जमेना. ती चुलीपाशी असली तरी कान टाकीकडे. येता-जाता उंबऱ्यातून बघायची. तो कधी आडवा, कधी कोपऱ्यात नाक खुपसून उभा. दोन-चार दाणे टाकून बघितले तर ते फुगून वाळूवर पडून राहिले. मग पाण्याला दुधाळ झाक आली, आणि एका सकाळी तो आडवा नव्हता तर वर होता. तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होता.

तिने मॅडमना फोन लावला.

"फिल्टरचा स्पंज नवीन घातलास का?"

"नाही, तोच आहे. दवाखान्यातलाच."

"धुतला का कुणी?"

"नाही," सुषमा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर दारात तांदूळ निवडत बसलेल्या रखमीवर गेली. रखमीचे हात थांबले होते.

"टाकी भरली त्या दिवशी मीच धुतला," रखमी हळूच म्हणाली. "काळा झालेला गं, नुसता चिखल त्यात. परक्याची घाण आपल्या घरात कशाला म्हणून साबण लावून चांगला चोळला. कुणी सांगितलं होतं का, धुवू नको म्हणून?"

फोनमधून मॅडम सांगत होत्या की त्या काळ्या गाळातच माशाची घाण पचवणारे जीव असतात. ते गेले की मासा आपल्याच घाणीत गुदमरतो. आता पाणी बदलत राहा, थोडं थोडं, रोज. आणि जमलं तर दुसऱ्या कुणाच्या जुन्या टाकीतला न धुतलेला स्पंज मिळव.

सुषमा सासूला एक शब्द बोलली नाही. कळशी घेतली आणि विहिरीवर गेली. तिचं न बोलणं रखमीला जास्त लागलं. ती मागोमाग दुसरी कळशी घेऊन गेली. थंडीचे दिवस, विहिरीचं पाणी गार, म्हणून चुलीवर थोडं तापवून त्यात मिसळायचं, हात घालून बघायचं, मगच ओतायचं. दोघी पाणी वाहत होत्या. रखमीने एकदाच विचारलं, "माझ्यामुळे मरेल का तो?"

"ठाऊक नाही," सुषमा म्हणाली.

जुनी टाकी कुठे असेल याचा विचार करता करता तिला आठवलं, अच्छाडच्या चेकपोस्टजवळच्या एका ढाब्यात गल्ल्याशेजारी गोल्डफिश आहेत. उमेशच्या बाईकवरून दोघं गेले. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत पोचले तेव्हा ढाब्यात जेवणाची गर्दी होती. ढाबेवाला हिरूभाई पेनाने कान खाजवत म्हणाला, "बोला बेन, काय देऊ?"

"तुमच्या टाकीतला स्पंज पाहिजे. अर्धा दिला तरी चालेल. धुतलेला नको, घाणच पाहिजे."

हिरूभाईने उमेशकडे बघितलं. उमेश दुसरीकडे बघत होता.

"इथे लोक पनीर मागतात, मटण मागतात," हिरूभाई म्हणाला. "माशाची घाण मागणारं गिऱ्हाईक पहिलंच."

पण सुषमाने सगळं सांगितलं तेव्हा तो हसायचा थांबला. स्वतः बाह्या वर करून हात घातला, स्पंज बाहेर काढला आणि सुरीने मधोमध कापला. पिशवीत टाकीचंच पाणी घालून त्यात अर्धा तुकडा ठेवला. "सुकू देऊ नका," त्यानेच वर बजावलं. "आणि वाचला तर कळवा. मला पण बरं वाटेल."

त्या घाणेरड्या तुकड्याने काम केलं. पाण्याची दुधाळ झाक ओसरली, मासा वरून खाली आला, कल्ले सावकाश चालायला लागले. खात मात्र नव्हता. आता फक्त रुसवा जायचा राहिला, असं सुषमाने रखमीला सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी दोघी एका ताटलीत भाकरी घेऊन बसल्या.

त्याच आठवड्यात जमीन हलायला लागली.

पहिला धक्का दुपारचा. खोल कुठेतरी सुरुंग लावावा तसा आवाज झाला आणि पायाखालून काहीतरी घरंगळत गेल्यासारखं वाटलं. फळीवरची भांडी वाजली. टाकीतलं पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं आणि मासा बंदुकीतून सुटल्यासारखा काचेवर आदळला, वळला, दुसऱ्या काचेवर आदळला. सगळा पाडा अंगणात आला. कुणी म्हणालं खाणीत स्फोट झाला, कुणी म्हणालं धरणाचं काहीतरी. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं, तेव्हा भूकंप हा शब्द लोकांनी मोठ्याने उच्चारला.

मग ते रोजचंच झालं. लहान धक्के इतके की त्यांची गणती कुणी ठेवेना. एखादा मोठा आला की कौलं सरकायची. माणसं अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायला लागली, मास्तर शाळा झाडाखाली भरवायला लागले. उमेशच्या घराच्या पुढच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली. ती बघितल्यावर उमेशने घरात पाय ठेवणं सोडलं. जेवण अंगणात, झोप अंगणात. दिवसभर तो ज्यांची घरं बांधली त्यांच्याकडे जाऊन भेगांवरून बोट फिरवत उभा राहायचा. कुणी काही म्हणत नव्हतं. तो मात्र घरी येऊन उगाच चिडायचा.

"तू दहा वेळा आत जातेस," तो सुषमाला म्हणायचा. "त्या माशासाठी. भिंत आली अंगावर तर?"

"लगेच येते बाहेर."

"भिंत विचारून पडते काय?"

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. आत जाताना प्रत्येक वेळी तिची नजर आधी भेगेवर जायची, मग टाकीवर. माशाची दशा वाईट होती. धक्क्याला तो आपटायचाच, पण आता धक्का नसतानाही आपटायला लागला होता. भांडं पडलं की, लांबून ट्रकचा हॉर्न आला की, उंबऱ्यात कुणाची सावली आली की. एका कुशीवरचे खवले निघून पांढुरका ओरखडा उठला होता.

हे शेजारच्या तुक्याने दारातून बघितलं. एका सकाळी तो म्हणाला, "मासा उडाला, आणि लगेच हललं. मी डोळ्यांनी बघितलं. याला आधी कळतं."

"त्याला काही कळत नाही, तुक्यादादा. तो सगळ्यालाच घाबरतो."

पण त्या दिवसांत कुणीतरी आधी सांगावं एवढंच सगळ्यांना पाहिजे होतं. दुपारपर्यंत दारात माणसं जमली. मुलं खिडकीच्या गजांना लटकली. कुणी काचेवर टिचक्या मारून बघत होतं, कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. बायका पोरं कडेवर घेऊन माशाकडे टक लावून उभ्या. मासा कोपऱ्यात, काळाठिक्कर, थरथरत.

"बाहेर व्हा," सुषमा सांगत होती. "गर्दीने घाबरतोय तो. बाहेर व्हा ना."

"तुला तुझ्या माशाचं पडलंय," एक बाई म्हणाली. "आम्हाला आमच्या पोरांचं."

त्या बाईच्या कडेवरच्या पोराने झोपेत तिचा पदर घट्ट धरला होता.

तेवढ्यात मागे कुणाचा तरी मोबाइल वाजला. मासा उसळला आणि टाकीच्या झाकणावर धाडकन आपटला. "आला!" कुणीतरी ओरडलं. सगळे एकदम दाराकडे वळले. दार एक, माणसं पंचवीस-तीस. रखमी उंबऱ्याजवळ बसली होती. तिला उठायला मिळालंच नाही. कुणाचा तरी गुडघा लागून ती पायरीवरून खाली गेली ती हातावर पडली.

जमीन हललीच नव्हती.

मनगट सुजलं. सरकारी दवाखान्यात फोटो काढून प्लास्टर घातलं. परत आल्यावर उमेशने बाईक उभी केली आणि सुषमाकडे न बघता म्हणाला, "उद्या तो नदीत सोड. नाहीतर मी सोडतो."

"नदीत तो जगणार नाही. आणि जगला तर आपले मासे खाऊन संपवील. तो इथला नाहीच."

"मग आईने सांगितलं ते कर. चुलीवर घाल. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. तुझ्या हौसेपायी आईचा हात मोडला!"

ताडपत्रीखाली रखमी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. "हात माणसांनी मोडला, उमेश," ती म्हणाली. "माशाने नाही. मासा काचेच्या बाहेर आला होता काय?"

सुषमाला वाटलं, आता बोललं नाही तर राहून जाईल.

"उंचावर आहे तो," ती म्हणाली. "तो ओटा उंच आहे, टाकीच्या काचा उघड्या आहेत. माणूस आला की त्याला थेट समोर दिसतो, जमीन हलली की वरचं पाणी जास्त हेलकावतं. लपायला काही नाही. टाकी खाली जमिनीवर घ्यायची. तीन बाजू झाकायच्या. मला एकटीला उचलवणार नाही. आज सरकारी दवाखान्यातून फोन करून विचारलंय मी मॅडमना."

"मी आत येत नाही."

"ठाऊक आहे. त्या भेगेला मीही घाबरते. तू बांधलेली भिंत आहे, तुला ती बघवत नाही, हेही ठाऊक आहे. पण कधीतरी आत यावं लागेलच ना, उमेश? सगळी थंडी ताडपत्रीत काढणार आहोत काय?"

तो उठून अंधार पडेपर्यंत विहिरीकडे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला नाही. सायकलची जुनी ट्यूब, थर्माकोलच्या लाद्या, सिमेंटची रिकामी पोती आणि शेडवरची दोन नळीची कौलं त्याने अंगणात आणून टाकली. भिंतीला बाहेरून लाकडी बल्लीचा टेकू दिला. मग उंबऱ्यावर थोडा वेळ थांबला आणि आत आला.

पाइप लावून टाकीतलं पाणी पिंपात काढलं. माशाला सुषमाने पाणी भरलेल्या टबात घेतलं आणि वर ओलं पोतं झाकलं. रखमी दारात उभी राहून एका हाताने सांगत होती, हे धर, ते सरकव. उमेशने जमिनीवर थर्माकोल अंथरला, त्यावर फळी, फळीखाली ट्यूबच्या घड्या. ओल्या वाळूसकट रिकामी टाकी दोघांनी उचलली, पाऊल पाऊल करत खाली आणली आणि फळीवर ठेवली. उमेशने सवयीने लेव्हल लावली. तो लेव्हलच्या बुडबुड्याकडे बघत होता, आणि बुडबुडा पळाला.

आवाज नंतर आला. या खेपेचा धक्का आधीच्या सगळ्यांहून मोठा होता. जमीन घसरल्यासारखी एका बाजूला गेली आणि परत आली. भिंतीतून कोरडा करकर आवाज निघाला. वरून एक कौल सुटून ओट्यावर फुटलं.

"बाहेर!" उमेश ओरडला.

सुषमा टबाकडे वळली. टबाच्या दोन कड्या तिच्या हातात होत्या. टब जड होता, पाण्याने भरलेला, उचलला असता तर दारापर्यंत तिला पावलं मोजून जावं लागलं असतं. उमेशने तिचा दंड धरला. "सोड!"

तिने सोडला. तिने तो सोडला आणि पळाली, आणि अंगणात आल्यावर आपल्या हातांकडे बघत उभी राहिली.

धक्का थांबला होता. पाड्यात सगळीकडून माणसं एकमेकांना हाका मारत होती. रखमी प्लास्टरचा हात छातीशी धरून "आहेत ना सगळी? आहेत ना?" असं परत परत विचारत होती. भिंत उभी होती. टेकू हलला होता, भेग जरा रुंद झाली होती, पण भिंत उभी होती. उमेश भिंतीकडे बघत राहिला.

"थांब थोडं," तो म्हणाला. "मागून दुसरा येतो कधी कधी."

ती थांबली. ते थांबणं तिला दवाखान्यातल्या कुठल्याही किंचाळीपेक्षा जड गेलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. मग उमेशने मान डोलावली आणि दोघं आत गेले.

टबावरचं पोतं सरकलेलं. टबात पाणी अर्धं. मासा नव्हता.

तो ओट्याच्या कोपऱ्यात जमिनीवर पडला होता, सगळं अंग मातीने आणि कौलाच्या चुऱ्याने माखलेलं. शेपटी हलत नव्हती. सुषमाने टबात हात बुडवले, त्याला दोन्ही ओंजळीत उचललं आणि पाण्यात धरलं. तोंड पुढे, हळूहळू पुढे-मागे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जात राहील. माती सुटून पाणी गढूळ झालं. उमेशने न सांगता पिंपातलं स्वच्छ पाणी आणून ओतलं, आणखी आणलं, आणखी ओतलं.

"मेला असेल तर सोड आता," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"मी इथेच आहे," सुषमा म्हणाली. उमेशला नाही.

तिच्या तळहाताला काहीतरी लागलं. कल्ला उघडला होता. बंद झाला. बराच वेळ काही नाही. मग परत उघडला.

टाकीत पाणी भरून तिने त्याला सोडलं तेव्हा ऊन अंगणातून उतरायला लागलं होतं. तीन बाजूंना उमेशने सिमेंटची पोती उलटी करून चिकटवली. दोन्ही कौलं धुऊन वाळूवर पालथी ठेवली, एकाला एक जोडून, आत अंधारी बोगद्यासारखी जागा होईल अशी. मासा वाळूवर कलंडलेला होता. त्याने एक डोळा फिरवला. मग सरपटत गेल्यासारखा गेला आणि कौलाखाली शिरला. नुसती शेपटी बाहेर राहिली.

दारावर सुषमाने जुनी चादर टांगली. तुक्या आला तेव्हा रखमीच आडवी आली. "बघायला काही नाही," ती म्हणाली. "आजारी माणूस आहे आत."

पुढचे दिवस धक्के येत राहिले, पण खाली ठेवलेल्या टाकीतलं पाणी पूर्वीसारखं काठावर चढेना. धक्का आला की मासा काचेकडे न धावता कौलाखाली जायचा. आधी धडपडत, मग नुसता वळून. सुषमा आत जाऊन बसायची ती अंग आखडून, बाजूला तोंड करून. काचेला हात लावायची नाही. दाणे टाकायची नाही.

एका सकाळी रखमी परसात वांग्याच्या वाफ्यात डाव्या हाताने माती उकरत होती. ती करवंटीत दोन गांडुळं घेऊन आली. "माझा हात मोकळा नाही," ती म्हणाली. "तू टाक."

सुषमाने एक गांडूळ पाण्यावर धरलं आणि सोडलं. ते वळवळत खाली जायला लागलं. कौलाखालून तोंड दिसलं. थांबलं. गांडूळ वाळूला टेकायच्या आत झडप पडली आणि वाळूचा ढग उठला. दोघी हलल्या नाहीत. ढग बसला तेव्हा मासा कौलाच्या बाहेर, अर्ध्या पाण्यात स्थिर उभा होता, आणि करवंटीकडे बघत होता.

"दुसरं दे," रखमी कुजबुजली. "दे ना बाय, वाट बघतोय."

त्या संध्याकाळी सुषमाने हिरूभाईला फोन केला. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "खाल्लं?" तो ओरडून विचारत होता. "काय खाल्लं? पनीर?"

अंगावरचे नारिंगी डाग हळूहळू परत पेटले. कुशीवरचा ओरखडा भरला, पण तिथले खवले फिक्या रंगाचे आले. पाड्यातली माणसं एक-एक करून घरात झोपायला लागली. जमीन शांत झाली म्हणून नव्हे, अंगणातली थंडी सोसेना म्हणून. उमेशने भिंतीच्या दोन्ही अंगांना जाळी ठोकून गिलावा केला आणि मग शेजाऱ्यांच्या घरांनाही तसं करायला घेतलं. सुषमाला उधव्याच्या दवाखान्यात काम मिळालं.

रविवारी दुपारी ती चटईवर आडवी झाली होती. खट्ट आवाज झाला. उमेश दचकून उठून बसला, त्याचे डोळे थेट भिंतीकडे गेले. परत खट्ट. सुषमाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि टाकीकडे बोट दाखवलं. मासा वाळूतले खडे तोंडात धरून कोपऱ्यातून उचलत होता आणि दुसऱ्या टोकाला नेऊन काचेजवळ टाकत होता. एक खडा, मग परत जाऊन दुसरा. कोपऱ्यात त्याने तळाची काच दिसेपर्यंत वाळू उकरून काढली होती, आणि उमेशने नीट जोडून ठेवलेल्या दोन कौलांपैकी एक ढकलून आडवं पाडलं होतं.

"काय चाललंय त्याचं?" उमेशने विचारलं.

"त्याच्या मनासारखं करतोय," सुषमा म्हणाली.

उमेश थोडा वेळ बघत राहिला. "कौल चुकीचं ठेवतोय," तो म्हणाला, आणि परत आडवा झाला.